म्हाताऱ्या माणसाच्या हातातली झारी काढून घेऊ नका



इथे आपण पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या आठवणी लिहितो. शाळेच्या, पोळ्याच्या, जामसावळीच्या हनुमानाच्या. मी आज आठवण कमी आणि मत जास्त लिहिणार आहे. मत असं की, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मुलांकडे राहायला नेताना त्याच्या दोन-चार कुंड्या सोबत न्याव्यात, आणि तिथे गेल्यावर त्या कुंड्यांना पाणी त्यालाच घालू द्यावं.

विषय बारका वाटेल. पण आपल्या भागात हे घरोघरी चालू आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक, बाजार, दवाखाना मात्र नागपूरचाच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, आपण पेढे वाटले. तरी मुलं नागपूर, पुणे, हैदराबादलाच आहेत आणि सत्तरी ओलांडलेले आईवडील एकेक करून तिकडे जात आहेत. सामानाच्या यादीत गादी असते, औषधांचा डबा असतो, देव असतात. कुंड्या मात्र "फ्लॅटमध्ये कुठं ठेवाच्या" म्हणून शेजाऱ्याला देऊन टाकतात.

आता मी हे कोणत्या अधिकाराने सांगतो? अधिकार काहीच नाही. मी बी.कॉम. झालेला, बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस. दर तीन वर्षांनी बदली. भाड्याच्या घरात झाड लावलं तरी त्याचं फूल पुढच्या भाडेकरूने पाहायचं, असा तो काळ. आजोबांचा सौंसरकडे संत्र्याचा बगीचा होता, पण तो मोठ्या भावाने पाहिला. त्यांना आम्ही दादा म्हणतो, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मी फक्त सुटीत जाऊन संत्री खायचो. झाडाची जबाबदारी माझ्या अंगावर आली ती अडुसष्टाव्या वर्षी. सौ.चे गुडघे गेले, गच्चीवर चढणं बंद झालं, आणि तिच्या अकरा कुंड्यांचा चार्ज माझ्याकडे आला. बँकेच्या सवयीने मी यादीच केली: तुळस दोन, मनी प्लांट दोन, मोगरा, जास्वंद, कोरफड, सदाफुली, ऑफिस टाइम, गवती चहा आणि गोडनिंब.

पहिला फोन दादांना लावला. ते म्हणाले, "पाणी द्याच्या आंधी मातीत बोट घालून पाय. वरून सुकी दिसते, खालती ओल राह्यते. बोट सुकं निंगालं तरच पाणी."

नवशिक्यासाठी एवढा एकच नियम पुरेसा आहे, असं मी आज पाच-सहा वर्षांनी म्हणतो. कुंडीतली झाडं तहानेने मरतात त्याहून जास्त ती पाण्यात बुडून मरतात. मुळालाही हवा लागते. मातीतली पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली की मूळ गुदमरतं, मग कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वरचं पान कोमेजतं. आपल्याला वाटतं झाड तहानलं, आणि आपण आणखी एक मग ओततो.

त्यात आपली माती काळी. शेतात कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत नुसती काळी माती भरली की पंचाईत. ओली झाली की फुगते, चिकट होते, पाणी धरून ठेवते. वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मधला मातीचा गोळा कोरडाच. दादांनी सांगितलेलं मिश्रण मी अजून वापरतो: एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी रेती. कन्हानची रेती मिळाली तर उत्तम. कुंडीच्या तळाला भोक पाहिजेच, त्यावर खापरीचा तुकडा.

संत्र्याच्या बगीच्यात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच नवीन नाही. आपल्याकडे संत्र्याला बहार धरायचा तर आधी ताण देतात. आंबिया बहार घ्यायचा असेल तर हिवाळ्यात, मृग बहार घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. पानं पिवळी पडतात, काही गळतात. नवखा माणूस पाहील तर म्हणेल, शेतकरी झाडं मारून राहिला. पण त्या ताणानंतर पाणी मिळालं की झाड फुलतं. पाणी देण्याची रीतही ठरलेली. खोडाभोवती एक लहान आळं कोरडं ठेवायचं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडायचं. खोडाला सतत पाणी लागलं की डिंक्या येतो, साल कुजते, झाड बसतं. म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. म्हणजे आपल्या बापजाद्यांना पक्कं ठाऊक होतं की झाडावर माया असली तरी हात आवरावा लागतो. कुंडी हाताळताना आपण ते विसरतो, कारण कुंडी डोळ्यासमोर असते आणि मग सारखा भरलेला असतो.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवली. पुढे ती माणसांच्या बाबतीत कामी येणार आहे.

उन्हाळ्याचंही सांगतो, कारण पुण्या-मुंबईची पुस्तकी माहिती आपल्याकडे चालत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, नवतपा लागला की गच्चीवरची स्लॅब पायाला पोळते. सिमेंट नि प्लास्टिकच्या कुंड्या त्या स्लॅबवर ठेवल्या तर मुळं भाजून निघतात. मी कुंड्यांखाली विटा ठेवतो, वर हिरवी जाळी बांधतो, आणि एप्रिल ते जून सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून पूर्वेच्या भिंतीशी नेतो. पाणी सकाळी लवकर, कधी संध्याकाळीही, पण बोट घालूनच. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट घरात घेतो. कूलर असलेल्या खोलीत मनी प्लांट छान राहतो, त्याला दमट हवा मानवते. मूळचा तो पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरचा, आपल्या कोरड्या झळा त्याला सोसत नाहीत. कोरफड मात्र अर्ध्या सावलीत बाहेर राहिली तरी कुरकुर करत नाही.

आता लोक विचारतात, काकाजी, झाडं ठेवून फायदा काय? हवा शुद्ध होते ना? रोपवाटिकेतही "ऑक्सिजन प्लांट" म्हणून पाटी लावलेली असते. याबाबत मी थोडं वाचलं. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेचा एक अहवाल आला होता. त्यात झाडं लहानशा बंद पेटीत ठेवली होती, आणि पेटीतली काही विषारी वाफ कमी झाल्याचं दिसलं. आपलं घर बंद पेटी नाही. दारं-खिडक्यांतून हवा येते-जाते. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीत सहज जेवढी हवा खेळते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. म्हणजे माणसाला बसायला जागा उरणार नाही. तेव्हा हवेसाठी झाड घेऊ नका, खिडकी उघडा. ती फुकट आहे.

मग फायदा काय, तर तो मला दादांच्या घरी दिसला.

दोन वर्षांपूर्वी दादा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं आणि पुतण्याने त्यांना तिथेच आपल्या फ्लॅटवर ठेवून घेतलं. चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी. पुतण्या आणि सूनबाई दोघंही गुणी. त्यांनी गावाकडच्या चार कुंड्या गाडीतून आणल्या: तुळस, मोगरा, गोडनिंब, आणि तेलाच्या पिप्यात बियापासून वाढवलेलं जंबेरीचं रोप. जंबेरी म्हणजे ज्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात ते. सोबतीला एक मुलगा ठेवला. दादांना उठायला लागू नये म्हणून पाण्याचा ग्लास हातात, टीव्हीचं रिमोट हातात, पेपर हातात. कुंड्यांना सकाळी तो मुलगा पाणी घालायचा, संध्याकाळी सूनबाई घालायच्या. एकाने घातलं हे दुसऱ्याला माहीत नसायचं. बँकेत आम्ही याला दुहेरी नोंद म्हणायचो, पण तिथे ती जुळायची.

दोन-तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो. गोडनिंब पिवळा पडून अर्धा गळला होता, मोगऱ्याच्या कुंडीला आंबूस वास येत होता. आणि दादा त्याच बाल्कनीकडे तोंड करून खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, "दादा, गोडनिंब पिवळा पडून राह्यला, तुम्ही सांगत काऊन नाही?"

ते म्हणाले, "सांगाचं कोनाले? आता माह्या हातात काय आहे?"

आवाजात राग नव्हता. साठ वर्षं ज्या माणसाने शेकडो झाडांना कधी ताण द्यायचा आणि कधी पाणी सोडायचं हे ठरवलं, त्याला चार कुंड्यांबद्दल बोलायचा हक्क उरला नाही असं वाटत होतं. आणि त्याच्यावर तशी वेळ आणणारे सगळे त्याच्या मायेचे. कुणीच काही वाईट केलं नव्हतं. पाणी जास्त झालं होतं, एवढंच.

त्या रात्री पुतण्याशी बोललो. तो म्हणाला, "काका, ते पुन्हा पडले तर? डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं आहे." त्याची भीती खरी होती. या वयात दुसऱ्यांदा हाड मोडणं म्हणजे काय, हे आपण सगळे जाणतो. म्हणून आम्ही तोड काढली. कुंड्या जमिनीवरून उचलून लोखंडी स्टँडवर कमरेच्या उंचीला घेतल्या. बाल्कनीच्या फरशीवर न घसरणारी चटई घातली, धरायला भिंतीला दांडा बसवला. बादली-मग बंद, अर्ध्या लिटरचा एक पितळी लोटा ठेवला. आणि नियम एकच केला: बाल्कनी बाबांची. पाणी तेच घालतील, नाही घातलं तरी दुसऱ्या कुणी घालायचं नाही.

मोगरा वाचला नाही, मूळ पार कुजलं होतं. गोडनिंबाला दादांनी बरेच दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. सूनबाईंचा जीव खालीवर. मला फोन, "काका, बाबा झाडाला पाणीच देत नाहीत." मी म्हटलं, राहू द्या. होळीच्या सुमारास त्याला नवीन फुटवे आले.

दादा बरे झाले असं मी म्हणणार नाही. कंबर दुखतेच, रात्री झोप लागत नाही, वॉकर सुटला नाही. पण सकाळी उठून ऊन आलं का ते पाहायला बाल्कनीपर्यंत जातात, आणि सोबतीच्या मुलाशी भांडतात की तुळशीवर चहाची पत्ती काऊन टाकली. जो माणूस गप्प झाला होता तो भांडतो, ही मला मोठी गोष्ट वाटते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी नातीला शेजारी बसवून जंबेरीवर डोळा भरायला शिकवलं. टी आकाराची चीर, त्यात डोळा सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. पहिला डोळा धरला नाही. "दुसरा भरू," म्हणाले.

एका घरातल्या गोष्टीवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. म्हणून एक जुना अभ्यास सांगतो. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रयोग केला, तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा तुम्ही ठरवा, आणि हे झाड घ्या, हवं ते निवडा, सांभाळायचं तुम्हीच. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही झाड दिलं, पण सांगितलं की पाणी नर्स घालेल, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त हिंडती-फिरती, जास्त तरतरीत दिसली. अठरा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ४७ पैकी ७ वारले होते, दुसऱ्यातले ४४ पैकी १३. हे दुसरे आकडे फार ठिकाणी छापून येतात, पण त्यांच्या संख्याशास्त्रात पुढे संशोधकांनाच दुरुस्ती द्यावी लागली, आणि फरक आधी वाटला तितका पक्का नव्हता. गटही लहानच. म्हणून "झाडाने आयुष्य वाढतं" असं मी छातीठोक सांगणार नाही. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. झाडं दोन्ही मजल्यांवर होती. फरक पाणी कोण घालणार याचा होता.

आपल्याकडे मुलं दुसऱ्या मजल्यासारखी वागतात, तीही प्रेमापोटी. "बाबा, तुम्ही बसा." "आई, तू नको करू." भाजी निवडायला बाई, बँकेचं काम मोबाइलवर मुलगा करतो, देवाची फुलं ऑनलाइन येतात. एकेक काम हलकं होतं तसं माणूसही हलकं होत जातं, आणि मग आपण म्हणतो, हल्ली बाबा फार गप्प असतात.

कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांना काम लावायचं काय? ज्याला नको त्याला नका लावू. ज्याने आयुष्यात कधी रोप लावलं नाही, त्याच्या गळ्यात कुंडी बांधू नये. त्याचं जे काही स्वतःचं असेल, रेडिओ दुरुस्ती, हिशेबाची वही, ते त्याच्याकडे राहू द्यावं. पण सुरुवात करायची इच्छा असेल तर वय आड येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

कोणी डासांचं म्हणेल, आणि ते बरोबर आहे. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवीन डास उडतो. म्हणून बशी ठेवूच नका, ठेवलीच तर दर तीन-चार दिवसांनी रिकामी करून घासून पुसा. मनी प्लांट बाटलीत ठेवला असेल तर पाणी आठवड्यातून दोनदा बदला. घरात रांगतं बाळ असेल तर मनी प्लांट त्याच्या हाताला लागू देऊ नका, पान चावलं तर तोंडाची आग होते. आणि पानांखाली पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कपाशीवाल्यांना ओळखीचा आहे. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब पाण्यात मिसळून फवारा.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एकदम दहा कुंड्या घेऊ नयेत. तीन पुरेत. मी म्हणेन, एक कोरफड, एक गोडनिंब, आणि एक मनी प्लांट. कोरफड पाणी विसरलं तरी माफ करते, गोडनिंब फोडणीला कामी येतो, आणि मनी प्लांट ऊन नसलेल्या घरातही जगतो. एक वर्ष हे तीन सांभाळले की चौथं कोणतं घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि निवृत्त पुरुष मंडळींना वेगळं सांगतो. आपल्या घरांत तुळशीला पाणी बायकांनी घालायचं, कुंड्या बायकांनी पाहायच्या, आणि आपण चौकात बसून देश चालवायचा, ही रीत फार झाली. त्यांचे गुडघे जाण्याची वाट पाहू नका. आजच अर्ध्या कुंड्यांचा चार्ज घ्या, रीतसर यादी करून.

ज्यांच्या घरी आईवडिलांना हलवण्याची बोलणी सुरू आहेत, त्यांना एवढीच विनंती. टेम्पो भरताना त्यांना विचारा, कोणती कुंडी घ्यायची. तुम्ही निवडू नका. तिथे गेल्यावर ती कमरेच्या उंचीवर ठेवा, लोटा त्यांच्या हाताला लागेल असा ठेवा, आणि पान पिवळं पडलं तरी मग घेऊन धावू नका. आधी त्यांना विचारा. बहुतेकदा उत्तर त्यांना माहीत असतं.